अहमदाबादचं कॅलेंडर

आमच्या मेहरूणच्या गल्लीत ड्रायव्हर दोनच. एक मी, तोताराम, एस.टी.चा, आता निवृत्त. दुसरी चेलना, समोरच्या रुपचंद शेठची मुलगी, विमानाची. तिला पायलट म्हटलं की हसू येतं. "भाऊ, तुम्ही ड्रायव्हर, तर मी पण ड्रायव्हरच," असं ती म्हणते आणि मी ते गल्लीभर सांगत सुटतो. माझी बायको कमलबाई म्हणते, तुम्हाला दुसरा उद्योगच नाही. नाहीच. असता तरी मी हाच केला असता.

मधे एक काळ असा आला की याच गल्लीनं तिला घाबरट ठरवलं. चहाच्या टपरीवर मी दोघा-तिघांशी त्यावरून भांडलोसुद्धा. पण भांडणात माझा आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून आता सावकाश लिहायला बसलोय.

चेलनाची गोष्ट तिच्या आजीपासून सांगावी लागते. गुलाबबाई, म्हणजे रुपचंद शेठच्या आई. मी त्यांना काकू म्हणतो. यांचं मूळ मारवाडातलं, पण तीन पिढ्या जळगावात किराणा दुकान. घरात मारवाडी बोलतील, आणि गल्ल्यावर बसले की गिऱ्हाइकाशी अशी अहिराणी बोलतील की मी दोंडाईच्याकडचा असून मला लाज वाटावी. काकूंचा नेम मात्र कडक. चौविहार. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीसुद्धा बंद, ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. उन्हाळ्यात आमच्याकडे रात्रीही भिंती तापलेल्या असतात, तेव्हाही काकू घोटभर पाणी घेत नसत. मी रात्रीची गाडी लावून घरी आलो की माठाला तोंड लावायचो आणि समोरच्या ओट्यावर ती बाई शांतपणे माळ ओढत बसलेली असायची.

सूर्यास्ताची वेळ काकू भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायच्या. त्यांचे भाऊ अहमदाबादेत कापडाच्या धंद्यात. दर दिवाळीला भावाकडून मिठाईचा डबा यायचा आणि सोबत जैनांचं मोठं कॅलेंडर, रोजच्या तारखेखाली सूर्योदय आणि सूर्यास्त छापलेलं. काकूंना माहेरची तेवढीच खूण उरली होती, म्हणून ते कॅलेंडर दुकानात न लावता देवघराच्या दाराशी लागायचं. गल्लीतल्या बाकीच्या जैन बायकांना ते सोयीचं झालं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं, सूर्य दिसतोय कुठं? मग एकेक सून ओट्याशी येऊन विचारणार, "काकीसा, किती वेळ आहे अजून?" काकू आत बघून सांगणार. काकूंनी पाण्याचा लोटा पालथा घातला की चार-पाच घरांतल्या ताटल्या उचलल्या जायच्या. मी कौतुकानं म्हणायचो की आमच्या डेपोच्या घड्याळापेक्षा यांचा लोटा बरा.

चेलना तेव्हा शाळेत होती. भूगोलात नुकतेच रेखांश शिकून आली होती आणि ज्याला भेटेल त्याला शिकवत होती. चातुर्मासातली संध्याकाळ होती. काकू लोटा घेऊन बसलेल्या, मी माझ्या ओट्यावर. पोर कॅलेंडरापाशी उभी राहून खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचत होती. वाचून बाहेर आली आणि म्हणाली,

"आजी, हा सूर्य आपला नाही. अहमदाबादचा आहे."

काकू हसल्या. सूर्य काय गावागावाचा वेगळा असतो? मग पोरीनं हात हलवून समजावलं. अहमदाबाद पश्चिमेला, तिथं सूर्य आपल्यानंतर मावळतो. या दिवसांत दहा-पंधरा मिनिटं तरी मागे. म्हणजे कॅलेंडर बघून आजी जेव्हा शेवटचं पाणी पिते, तेव्हा जळगावात सूर्य मावळून गेलेला असतो. रोज. लग्न होऊन आल्यापासून रोज.

काकूंनी लोटा खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी पाणी घेतलंच नाही. त्यांचा चेहरा बघून मला पोरीचा राग आला. म्हातारीनं इतक्या वर्षांचा नेम जिवापाड पाळला आणि या कार्टीनं एका वाक्यात तो मोडून दाखवला. चेलनालाही ते कळलं असावं, ती रडायला लागली.

काकू दुसऱ्या दिवशी उपाश्रयात गेल्या. साध्वीजींना सगळं सांगितलं, त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त घेतलं. तिथं संपलं असतं. पण पुढे संवत्सरी आली. त्या दिवशी हे लोक एकमेकांसमोर हात जोडून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, मिच्छामि दुक्कडम म्हणतात. बहुतेक जण सवयीनं म्हणतात, जसं आपण रामराम म्हणतो. काकू मात्र बायकांच्या भरल्या सभेत उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझी वेळ चुकीची होती, माझ्याकडून जिनं जिनं वेळ घेतली तिचाही नेम माझ्यामुळे मोडला, मला माफ करा आणि उद्यापासून उपाश्रयाची वेळ धरा.

रुपचंद शेठ घरी येऊन आईवर वैतागले. "बाई, सांगायची काय गरज होती? कुणाला कळलं होतं?"

"मला कळलं होतं ना," काकू म्हणाल्या.

चेलना उंबरठ्यावर बसून हे ऐकत होती. मीही ऐकत होतो, आमच्या गल्लीत भिंतींना काही अर्थ नाही. अहमदाबादचं कॅलेंडर काकूंनी काढलं नाही, भावाचं होतं ते. त्याच्या शेजारी उपाश्रयाचं छोटं पंचांग लागलं.

पुढे ही पोर विमान शिकायला धुळ्याच्या धावपट्टीवर जायला लागली तेव्हा गल्लीत बरीच कुजबुज झाली. किराणावाल्याची पोर आणि विमान! रुपचंद शेठही आधी नाहीच म्हणत होते. शेवटी काकूंनी त्यांना गप्प केलं. धुळ्याला तिची आत्या होती, तिच्याकडे राहायची आणि सुट्टी संपली की माझ्या जळगाव-धुळे गाडीत चढायची. जागा ठरलेली, माझ्या पाठीमागची. पारोळा येईपर्यंत माझ्याकडून गिअर, ब्रेक, घाट, सगळं विचारून घ्यायची. एकदा गाडीचा हवेचा बझर वाजत होता. हवा कमी झाली, ब्रेक लागणार नाही, हे सांगायला तो असतो. तो का वाजतोय म्हणून तिनं विचारलं, "भाऊ, हाऊ काब्रं वाजी राह्यना?" मी म्हटलं, "या गाडीना बझर वाजसच. हवा बरोबर शे." धुळं येईपर्यंत ती त्या बझरकडे बघत होती.

शिक्षण झालं, मग नोकरीची वाट बघण्यात वर्षं गेली, मग एका छोट्या विमान कंपनीत लागली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, ती जळगावला येतही नव्हती. कॅप्टनच्या शेजारी बसणारी सहवैमानिक. खांद्यावर तीन पट्ट्या. चौथी पट्टी आली की कॅप्टन. तिची सगळी मेहनत त्या चौथ्या पट्टीसाठी चालली होती, आणि ती आता आली आली म्हणेपर्यंत मी सांगतोय तो प्रकार घडला.

तिनं मला ओट्यावर बसून समजावलं तसं सांगतो. विमानात एक यंत्र असतं. त्याच्या पोटात सगळ्या डोंगरांचा नकाशा आणि सगळ्या धावपट्ट्यांच्या जागा भरलेल्या असतात. विमान खाली यायला लागलं आणि खाली धावपट्टी नसेल, तर ते ओरडतं, जमीन जवळ आली, वर जा. अंधारात, ढगात माणसाला दिसत नाही तेव्हा हाच आवाज जीव वाचवतो. पण जगात नवी विमानतळं होतात, जुन्या धावपट्ट्या वाढतात, म्हणून त्याच्या पोटातली माहितीही नवी भरत राहावी लागते. तिच्या कंपनीच्या काही विमानांत ती भरलीच नव्हती. आणि कंपनी जात होती एका लांबच्या गावाला, जिथलं विमानतळ नवंकोरं. यंत्राच्या लेखी तिथं अजून शेतं आणि मागे डोंगर. त्यामुळे तिथं उतरताना दर खेपेला ते ओरडायचं.

"मंग सगळा काय करेत?" मी विचारलं.

"काई नही, भाऊ. हसेत. म्हातारी वरडी राह्यनी, वरडू द्या. एक बटन शे, ते दाबं का ती गप."

तिनं याआधी कंपनीत दोनदा तोंडी सांगितलं होतं. करू, बघू, असं उत्तर मिळालं होतं. त्या दिवशी तिथं उतरताना ढग होते, धावपट्टी मधेच दिसे, मधेच जाई. यंत्र ओरडलं. कॅप्टनचा हात सवयीनं बटनाकडे गेला. चेलना म्हणाली, वर चला. नियम असा आहे की दोघांपैकी एकानं वर चला म्हटलं की वर जायचंच, वाद खाली उतरल्यावर. कॅप्टननं विमान वर उचललं. लोकांपैकी कोणी किंचाळलं, कोणी मोबाइलवर चित्रण केलं. घिरट्या घालून ढग सरल्यावर विमान नीट उतरलं. पण ते चित्रण सगळीकडे फिरलं आणि कंपनीची शोभा झाली.

आता कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. कॅप्टननं लिहून दिलं की इशारा खोटा होता, सहवैमानिक घाबरली. कंपनीच्या साहेबाचा चेलनाला फोन आला तेव्हा ती पर्युषणासाठी घरी आली होती. संवत्सरी तोंडावर. साहेब गोड बोलत होता. एवढंच लिहून दे की मी गोंधळले, माझी चूक झाली. प्रकरण मिटेल, महिन्याभरात तुझी कॅप्टनची परीक्षा. नाही लिहिलंस तर चौकशी होईपर्यंत विमानात पाय ठेवायचा नाही. आणि वर म्हणाला, "तुमच्याकडे तर वर्षातून एकदा सगळ्या जगाची माफी मागतात ना? मग एक माझ्याकडे माग."

फोन ठेवून तिनं हे सांगितलं तेव्हा ओट्यावर आम्ही सगळेच होतो. रुपचंद शेठ म्हणाले, "लिहून दे बेटा. आपण मुंगीचीही माफी मागतो, साहेबाची मागायला काय जातं?" मला वाटलं काकू मध्ये पडतील. काकू म्हणाल्या, "लिहून दे गं. माफी मागून कोणी लहान होत नाही."

मी चाटच पडलो. ज्या बाईनं भर सभेत उठून स्वतःची चूक सांगितली होती, तीच हे म्हणतेय! पण नंतर विचार केला तर त्यांचंही खरं होतं. आयुष्यभर माफीलाच त्यांनी मोठं मानलं होतं. नातीला त्या वेगळं काय सांगणार?

चेलना आजीच्या पायाशी बसली. मारवाडीत बोलली, मी मराठीत लिहितो. "आजी, तू कॅलेंडराची चूक सांगितलीस, तेव्हा सगळ्यांची वेळ सुधारली. मी ही खोटी चूक सांगितली तर कोणाची वेळ सुधारेल? यंत्र खोटं बोलत नव्हतं गं. त्याला कुणी सांगितलंच नाही की तिथं आता विमानतळ झालंय. मी माझी चूक म्हटलं की ते तसंच राहील. लोक हसतील, बटन दाबतील. एखाद्या दिवशी समोर खराच डोंगर असेल, तेव्हाही ते याच आवाजात ओरडेल. लोक घाबरले त्याची माफी मी मागते, एकेकाचे पाय धरून मागते. पण जे मी केलं नाही त्याची माफी मी मागून टाकली, तर ज्यानं केलं तो कधी मागणार?"

काकूंची माळ थांबली. मग रुपचंद शेठकडे वळून म्हणाल्या, "ती लिहिणार नाही. तू आता बोलू नको."

तिनं लिहिलं, पण साहेबाला हवं होतं ते नाही. जे घडलं ते, आणि विमानांतली माहिती जुनी आहे हे. कंपनीला दिलं आणि जिथं कळवायचं असतं त्या सरकारी कचेरीलाही दिलं. कंपनीनं तिला जमिनीवर बसवलं.

ते दिवस मला आठवले की अजून चीड येते. पोर रोज दुकानात बसायची. तूरडाळ तोलायची, साखरेच्या पुड्या बांधायची. तूरडाळीच्या निमित्तानं लोक तिला बघायला यायचे. एक जण तोंडावर म्हणाला, "बाई, विमान डोंगरावर नेत होती म्हणे?" ती म्हणाली, "नाही काका, डोंगरावरून परत आणलं. अर्धा किलो देऊ की किलो?" मी असतो तर वजनमाप फेकून मारलं असतं. टपरीवर कुणी म्हणायचं की बायकांचं ते कामच नाही, घाबरतात. मी सांगायचो की अरे, घाबरणारी असती तर लिहून मोकळी झाली असती. साहेबाला नाही म्हणायला जेवढं धैर्य लागतं तेवढं माझ्या उभ्या नोकरीत मी एकदाही दाखवलं नाही, आणि तुम्हीही नाही. मग चहा थंड व्हायचा आणि कमलबाई मला न्यायला यायची.

हिवाळा संपत आला तेव्हा एका दुपारी तिला फोन आला. त्याच कॅप्टनचा. सरकारी तपासणी झाली होती. कंपनीच्या किती तरी विमानांत जुनी माहिती निघाली, सगळीकडे नवी भरावी लागली. कॅप्टन म्हणाला, "आज तिथं उतरलो. यंत्र गप्प होतं. मी बटनाकडे हात नेला आणि दाबायला काही नव्हतंच." मग हळूच सॉरी म्हणाला. चेलना दुकानातून धावत माझ्या ओट्यावर आली. हाताला साखर चिकटलेली. "भाऊ, भरं! बठ्ठास्मा भरं!" सगळ्या विमानांत नवी माहिती भरली म्हणे. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला वाटलं चौथी पट्टी मिळाली.

पट्टी मिळाली नव्हती. कंपनीनं तिला परत घेतलं, पण कॅप्टनची जागा तिच्या मागून आलेल्या मुलाला देऊन टाकली होती. साहेबानं माफी मागितली नाही. चेलनानं काही दिवस काम केलं, मग दुसऱ्या कंपनीत गेली. तिथं रांगेच्या शेपटापासून पुन्हा सुरुवात. ती तक्रार करत नव्हती, मीच करत होतो.

गेल्या वर्षी हिवाळ्यात, भरीताच्या दिवसांत, तिनं मला आणि काकूंना तिकिटं पाठवली. जळगाव ते अहमदाबाद. काकूंचे भाऊ अंथरुणाला खिळले होते, त्यांना भेटायचं होतं. रुपचंद शेठना दुकान सोडवत नव्हतं, आणि मला तिनं फोनवर सांगितलं, "तुम्ही मला धुळ्याला नेलं, भाऊ. आता मी तुम्हाला नेते." विमानाच्या दारात ती उभी होती. काकूंनी तिच्या खांद्यावरून हात फिरवला, एकेक पट्टी चाचपून. चार होत्या. मी मोठ्यांदा रडलो, त्याची मला लाज वाटत नाही.

संध्याकाळचं विमान. काकूंना एकच घोर लागलेला. "वर गेल्यावर कुठला सूर्यास्त धरू?" चेलना म्हणाली, "तू बस. मी सांगते."

काकू खिडकीशी बसल्या. विमान वर चढलं तसा सूर्य खाली जायचा थांबल्यासारखा झाला. खाली शेतांवर सावली पडली होती आणि वर आमच्या तोंडावर ऊन. मी म्हटलं, काकू, खाऊन घ्या. त्यांनी दोन खाकरे खाल्ले आणि पाण्याची बाटली उघडून हातात धरली. तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून आवाज आला.

"नमस्कार, मी कॅप्टन चेलना बोलतेय. जळगावात आत्ता सूर्य मावळला आहे. अहमदाबादेत मावळायला अजून थोडा अवकाश आहे. तुम्हाला खिडकीतून तो दिसतोय आणि अजून काही वेळ दिसत राहील. ज्यांना हे माहीत असणं गरजेचं आहे, त्यांच्यासाठी सांगितलं."

पुढच्या रांगेतल्या माणसानं बायकोकडे पाहिलं, हे काय नवीन. असं सांगणं त्यांच्या नियमात बसतं की नाही ते मी तिला विचारलं नाही. काकूंची बाटली ओठांपाशी थांबली होती. सूर्य अख्खाच्या अख्खा त्यांच्या चष्म्यात होता.

"प्या काकू," मी म्हटलं. "समोर तर दिसतोय. आणि आपण अहमदाबादलाच चाललोय."

काकूंनी बाटलीला झाकण लावलं.

"तोताराम, मी किती वर्षं जळगावात बसून अहमदाबादच्या सूर्यावर पाणी प्यायले," त्या म्हणाल्या. "आज अहमदाबादला जाताना जळगावच्या सूर्यावर तहानलेली राहते."

बाटली त्यांनी माझ्या हातात दिली आणि हात जोडून खिडकीकडे तोंड केलं. मला मरणाची तहान लागली होती, पण अहमदाबाद येईपर्यंत मी ती बाटली उघडली नाही.